थायलंडहून टोपली आणताय? आधी ती कुठल्या झाडाची आहे ते विचारा

बँकॉकला जाऊन आलेलं माणूस हल्ली एक तरी विणलेली बॅग नाहीतर टोपली घेऊन येतंच, आणि का आणू नये, इतकं सुंदर हातकाम इतक्या कमी पैशात बघायला मिळतं की हात आपोआप पाकिटाकडे जातो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकाच दुकानातून दोन घेतल्या, एक झाकणाची गोल टोपली आणि एक खांद्याला लावायची मोठी बॅग. दुकानदाराने सांगितलं दोन्ही नॅचरल फायबर, मी तेवढ्यावर खूश. घरी आल्यावर दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या आणि जुलै उजाडला, ठाण्याचा जुलै कसा असतो तो तुम्हाला माहितीये, बॅग आतून-बाहेरून पांढऱ्या बुरशीने भरली आणि शेजारची टोपली मात्र ठणठणीत. फार वाईट वाटलं, कारण कोणीतरी आठवडाभर बसून विणलेली वस्तू मी दोन महिन्यांत खराब केली होती. मग शोधत बसले तेव्हा कळलं की बॅग जलपर्णीची होती आणि टोपली वेताची, आणि दोघींना ठेवायची पद्धत पूर्ण वेगळी.

म्हणून पहिलं सांगणं हेच. "नॅचरल फायबर" म्हणजे कोणीतरी तुम्हाला नुसतं "धान्य" म्हणून पिशवी देण्यासारखं आहे, ते तांदूळ आहेत का नाचणी हे कळल्याशिवाय शिजवणार कसं? टोपली कुठल्या झाडाची हे कळलं की ती कशी तपासायची, त्यात खायचं ठेवायचं का नाही, पावसाळ्यात कुठे ठेवायची, मोडली तर काय करायचं, हे सगळं त्यातूनच येतं.

विचारायचं कसं? थाई येत नसेल तरी एवढं पाठ करा, "थाम चाक आराय?" म्हणजे कशापासून केलंय. उत्तरात बहुतेक वेळा सहासातपैकी एक शब्द येतो. माय फाय म्हणजे बांबू (फ आपल्या फळातला, इंग्लिशवाला नाही), वाय म्हणजे वेत, क्राचूत आणि कोक म्हणजे पाणथळीत उगवणारी लव्हाळ्याच्या कुळातली गवतं, फाक तोप चावा म्हणजे आपली जलपर्णी, तोय म्हणजे केवड्याच्या जातीतलं लांब पान, आणि यान लिफाव म्हणजे एक वेलीसारखं चढणारं नेचं (फर्न). दुकानदाराला तुम्ही झाडाचं नाव विचारलं की त्याचा चेहराच बदलतो, हे माझं निरीक्षण आहे, तो मग स्टूल पुढे करतो आणि मागच्या फळीवरचा माल काढून दाखवतो.

आता यातले मुख्य एकेक घेऊ, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त.

बांबू

थाईमध्ये या सगळ्या कलेला चाक-सान म्हणतात. चाक म्हणजे चिरणं, पट्ट्या काढणं, आणि सान म्हणजे विणणं. नावातच पहिला मान चिरण्याला दिलाय आणि तो बरोबर आहे, आपल्याकडे कुठल्याही बुरुडाला विचारा, विणायला तासभर लागत असेल तर कामट्या काढून साफ करायला त्याच्या दुप्पट वेळ जातो. पट्टीची जाडी सगळीकडे सारखी असेल तर टोपली चांगली, हा एकच निकष लावला तरी निम्मं काम होतं. बोट फिरवून बघा, कुठे जाड कुठे बारीक लागतंय का, कुसळ टोचतंय का.

दुसरं बघायचं ते साल. बांबूच्या बाहेरच्या सालीची पट्टी गुळगुळीत, किंचित चकचकीत आणि चिवट असते, आतल्या गराची पट्टी मॅट दिसते, लवकर मोडते आणि किड्यांना जास्त आवडते कारण तिच्यात पिष्ट जास्त. पूर्ण सालीची टोपली महाग असणारच. स्वस्तात उभ्या काड्या सालीच्या आणि आडवं विणकाम गराचं असं मिक्स असतं, तेही चालतं, फक्त किंमत त्या हिशोबाने द्या. तळ उलटा करून बघायचाच, कारण तळ जिथे काठाला मिळतो तिथेच टोपली पहिली सुटते. टोपली हलकेच आपटली आणि पिवळट भुकटी पडली तर आत भुंगा आहे, कितीही सुंदर असली तरी ठेवून द्या.

पट्टायाला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट, पट्टाया ज्या चोनबुरी प्रांतात आहे त्याच प्रांतात फानात निखोम नावाचं गाव आहे आणि ते बारीक बांबूकामासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. टूरवाले तिथे नेत नाहीत. एक सकाळ मोकळी असेल तर गाडी करून जाऊन या. बँकॉकच्या उत्तरेला आंग थोंग प्रांतात बांग चाव चा नावाचं गाव आहे, तिथलंही बांबूकाम असंच नावाजलेलं.

आणि एक बांबूची वस्तू मुद्दाम बघा, चालोम. मोठ्या षटकोनी भोकांची, वरून पट्ट्या मोकळ्या सोडून गाठ मारलेली करंडी, फळं भेट द्यायला वापरतात, आपल्या आंब्याच्या करंडीची बहीणच म्हणा. 2022 मध्ये थायलंडमध्ये एपेक, म्हणजे आशिया-प्रशांत आर्थिक सहकार्य गटातल्या देशांची परिषद झाली तिचं बोधचिन्ह हीच चालोम होती. वजनाला काहीच नाही, पण चेपते लवकर, त्यामुळे आणायची तर कपडे भरून आणा.

क्रातिप, म्हणजे भाताची टोपली

यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण माझ्या मते थायलंडहून आणण्यासारखी सगळ्यात उपयोगी वस्तू हीच आहे आणि लोक ती आणून शोकेसमध्ये ठेवतात.

थायलंडच्या ईशान्य भागाला इसान म्हणतात, शब्द आपलाच, संस्कृत ईशान. तिथे आणि उत्तरेत आणि पलीकडे लाओसमध्ये रोजचा भात म्हणजे चिकट भात, खाव निआव. तो शिजवत नाहीत, भिजवून वाफवतात, आणि वाफवलेला भात ज्या झाकणाच्या उभट टोपलीत ठेवतात ती क्रातिप. तिची खुबी भिंतीत आहे. ती दुहेरी असते, एक विणलेला थर आत, एक बाहेर, मध्ये हवा. त्यामुळे उष्णता टिकते पण वाफ हळूहळू बाहेर पडते, झाकणाला पाणी सुटून भातावर टपकत नाही. स्टीलच्या डब्यात गरम पोळ्या ठेवल्या की खालची पोळी ओली होते ना, तो त्रास इथे नाही. आपल्याकडे भाकऱ्या दुरडीत फडक्यात ठेवायचे त्यामागे हेच होतं. मी क्रातिपमध्ये सुती रुमाल घालून पोळ्या ठेवते, दुपारच्या डब्यापर्यंत मऊ राहतात.

विकत घेताना आत बोट घालून आणि बाहेरून दाबून बघा, दोन थर आहेत हे जाणवलं पाहिजे. पर्यटकांसाठी केलेल्या चिमुकल्या क्रातिप बऱ्याचदा एकाच थराच्या असतात, त्या सुपारी ठेवायला छान, भाताला नाही. चकचकीत वॉर्निश मारलेली, रंगवलेली असेल तर तीही खाण्यासाठी घेऊ नका. खाण्याची क्रातिप साधी, बिनरंगाची किंवा फारतर एकदोन रंगीत पट्ट्यांची असते. खाली पायासारखी बैठक आणि बाजूने दोरी असते, दोरी ओवलेले कान ओढून बघा.

घरी आणल्यावर कोरड्या ब्रशने झाडायची, मग उकळतं पाणी आतून-बाहेरून ओतायचं आणि कडक उन्हात पूर्ण वाळवायची. पहिले दोनचार दिवस बांबूचा वास येतो, तो जातो.

भाताचं म्हणाल तर तांदूळ चिकटच हवा. आंबेमोहोर, इंद्रायणी कितीही मऊ चिकट वाटले तरी ते हे नव्हेत, त्यांनी वाफेवर नीट होत नाही, मी करून बसलेय. थाई तांदूळ मिळाला नाही तर आसामचा बोरा तांदूळ मिळतो का बघा, तो याच जातीतला. रात्री भिजत घाला, निदान चारसहा तास तरी हवेतच. सकाळी निथळून वाफवायचा. तिकडे त्यासाठी हुअत नावाची बांबूची शंकूसारखी चाळणी असते, निमुळतं टोक खाली, ती कंबर असलेल्या उंच भांड्याच्या तोंडावर बसवतात, खाली पाणी उकळतं आणि वाफ विणीतून वर येते. हुअत आणली असेल तर तांदूळ घालण्याआधी पाण्यात बुडवून घ्या म्हणजे भात चिकटत नाही. नसेल तर आपलं मोदकपात्र झिंदाबाद, चाळणीवर ओलं पातळ फडकं आणि त्यावर तांदूळ. वीसपंचवीस मिनिटं, आणि मध्ये एकदा सगळा गोळा उलटा करायचा, हे विसरू नका, नाहीतर वरचे दाणे कच्चे राहतात. झाला की लगेच क्रातिपमध्ये कोंबायचा नाही, आधी परातीत पसरून लाकडी उलथन्याने हलवून दोनतीन मिनिटं वाफ जाऊ द्यायची, मग गोळा करून भरायचा आणि झाकण लावायचं. ही एक पायरी गाळली की भाताचा चिखल होतो आणि टोपली आतून ओली राहून काळी पडते.

धुताना रात्रभर भिजत ठेवू नका. थोडा वेळ पाणी भरून ठेवलं की चिकटलेले दाणे सुटतात, ब्रशने घासायचे, साबण अगदी थोडा नाहीतर नकोच कारण बांबू वास धरतो, आणि उपडी करून वाळवायची. पूर्ण वाळल्याशिवाय झाकण लावायचं नाही. आमच्याकडे ती खिडकीच्या गजाला टांगलेली असते.

क्राचूत

दक्षिण थायलंडमध्ये फात्थालुंग प्रांतात थाले नोय नावाचं मोठं उथळ तळं आहे, नावाचा अर्थच छोटा समुद्र. त्याच पाणथळीतला एक भाग 1998 मध्ये थायलंडचं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जे गवत विणतात ते क्राचूत. लांबच लांब, गोल, हिरवी, आतून पोकळ काडी, आत पडदे पडदे असलेली.

या काडीची तयारी कशी होते ते ऐकलं की बॅगेकडे बघायची नजर बदलते. काडी उपटून आणतात, आणि मग ती पांढऱ्या चिकणमातीच्या पातळ चिखलात बुडवतात. हो, चिखलात. असं केल्याने काडी वाळताना तडकत नाही, चिवट होते आणि रंग नीट धरते. मग उन्हात पसरून वाळवतात, लांबीप्रमाणे जुड्या लावतात आणि जड रूळ फिरवून चपट्या करतात, पूर्वी हे लाकडी मुसळाने कुटून करायचे. मग हवं तर रंग, आणि मग विणकाम.

त्यामुळे नवी क्राचूतची बॅग झटकली आणि थोडी पांढरी पूड पडली तर घाबरू नका, ती माती असते, बांबूच्या भुकटीसारखी किडीची नाही. दोन्हीतला फरक असा की माती ओल्या फडक्याने पुसल्यावर परत येत नाही, किडीची भुकटी पुसली तरी त्याच जागी परत पडते.

चांगली क्राचूत ओळखायची तर आधी वास घ्या, सुक्या गवताचा गोड वास हवा. कुबट वास म्हणजे नीट न वाळवलेला माल. मग कोपरा हलकेच वाकवा, चिवटपणे वळला पाहिजे, कडकड आवाज आला तर काडी जुनी किंवा फार वाळलेली आहे. रंगीत असेल तर ओला रुमाल एका कोपऱ्यावर घासून बघा, रंग रुमालाला लागला तर पांढऱ्या कुर्त्यावर ही बॅग घेऊ नका एवढंच, बाकी वाईट नाही. बॅगेच्या आत बघा, अस्तर असेल तर ते उचलून, टोकं आत खोचून संपवलीत का गोंदाने चिकटवलीत.

वापरताना या बॅगेचा शत्रू म्हणजे घडी. आपल्याला सवय असते, बॅग रिकामी झाली की दुमडून कपाटात. क्राचूत कोरडी असताना घट्ट दुमडली की घडीवर काड्या तुटतात आणि त्या परत जुळत नाहीत. आत कोरा कागद किंवा जुनी सुती ओढणी भरून उभी ठेवा. दुबईला किंवा अमेरिकेत कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा लांबून पाण्याचा बारीक फवारा मारून सावलीत सुकवली तर ती चिवट राहते. आणि बॅगेचा आकार बिघडला असेल तरी हाच उपाय, किंचित ओली करायची, आत कपडे ठासून भरायचे, तशीच वाळू द्यायची.

यान लिफाव

हे प्रकरण वेगळंच. नाखोन सी थम्मारात हे दक्षिणेतलं शहर, नाव उलगडून बघा, नगर श्री धर्मराज. तिथली ही कला. रानात झाडांवर चढणारं एक नेचं असतं, लायगोडियम कुळातलं, याच कुळातली नेची आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात झुडपांवर चढलेली दिसतात. त्याच्या दांड्याची साल सोलून ती पत्र्याला पाडलेल्या भोकांतून ओढतात, आधी मोठं भोक, मग लहान, मग आणखी लहान, म्हणजे प्रत्येक धागा एकसारखा बारीक होतो. मग वेताच्या किंवा बांबूच्या सांगाड्यावर अरीने एकेक भोक पाडत विणायचं. एका छोट्या पर्सला महिने लागतात. काळा आणि तपकिरी हे रंग बहुधा त्या दांड्याचेच. ही कला मागे पडत चालली होती, थायलंडच्या राणी सिरिकित यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या सपोर्ट फाउंडेशनने ती शिकवायला घेतली आणि त्या स्वतः या पर्स हातात घेऊन वावरल्या, त्यामुळे तिला परत मान आला.

ही पर्स हजारो बाटची (बाट म्हणजे थाई चलन) असते, चांदी किंवा सोन्याची कड असेल तर त्याच्या कितीतरी पट. कोणी रस्त्यावर तीनशे बाटला यान लिफाव देतो म्हणाला तर ती नाही, दुसरं काहीतरी आहे. घासाघीस इथे करू नये असं मला मनापासून वाटतं, ज्या कामात दिवसाला बोटभर विणकाम होतं तिथे भाव पाडून काय मिळवायचं. परवडत नसेल तर नुसती बघून या, मीही बघूनच आले.

जलपर्णी

आता माझ्या बुरशी आलेल्या बॅगेकडे. जलपर्णी आपल्याला नवीन नाही, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा, कोल्हापूरचा रंकाळा, सगळीकडे आपण तिच्या नावाने बोटं मोडतो. थायलंडमध्ये ती 1901 मध्ये आली, राजा चुलालोंगकोर्न जावाच्या दौऱ्यावर गेले होते तेव्हा तिथून फुलांसाठी म्हणून राजवाड्यातल्या तळ्यासाठी आणली, म्हणून नावच फाक तोप चावा, यातला चावा म्हणजे जावा. तळ्यातून ती निसटली आणि इतकी पसरली की 1913 मध्ये तिच्या निर्मूलनासाठी खास कायदा करावा लागला. कायद्याने ती गेली नाही. मग लोकांनी तिचे देठ वाळवून विणायला घेतले, उत्तरेतल्या फायाव प्रांतात मोठं तळं आहे, त्या भागात हे काम चांगलं चालतं.

ताज्या देठात शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असतं, आत स्पंजसारख्या हवेच्या पोकळ्या. वाळल्यावरही तो स्पंज स्पंजच राहतो, हवेतली ओल ओढतो, आणि म्हणून या सगळ्या टोपल्यांमध्ये बुरशी पहिली हिला येते. बनवणारे देठांना गंधकाची धुरी देतात ते त्यासाठीच, आणि वरून बहुतेक क्लिअर लॅकर मारतात. म्हणून ही टोपली खाण्याच्या वस्तूंना थेट वापरू नका. मासिकं, शाली, लहान मुलांची खेळणी, कुंडीचं आवरण (आत प्लास्टिकची ताटली ठेवून) यासाठी ती झकास. घेताना वेणी दाबून बघा, भरीव आणि लवचिक लागली पाहिजे, पोचट लागली तर देठ कोवळे होते. आणि अशा टोपल्या व्हिएतनाममध्येही भरपूर बनतात आणि सगळीकडे विकल्या जातात, त्यामुळे थाईच हवी असेल तर कुठल्या गावची ते विचारून घ्या.

दुकानात उभं राहिल्यावर

बँकॉकचं चातुचाक मार्केट शनिवार-रविवारी, सकाळी लवकर जा, ऊन चढलं की टोपल्या तपासायचा पेशन्स राहत नाही. चिआंग माईला वारोरोत मार्केट, तिथे रोजच्या वापराच्या क्रातिप आणि हुअत स्थानिक लोक घेतात त्याच भावात मिळतात, भेटवस्तूच्या दुकानात कशाला जायचं. 2001 पासून सरकारची ओटॉप नावाची योजना आहे, एक तांबोन एक उत्पादन, तांबोन म्हणजे आपल्या गावांच्या गटासारखं, त्यात मालाला एक ते पाच स्टार देतात. ओटॉपचं लेबल आणि गावाचं नाव असेल तर एक खात्री मिळते, नसेल म्हणून वाईट असं अजिबात नाही, कितीतरी आजीबाई लेबलाशिवाय बसलेल्या असतात.

प्लास्टिकची नक्कल ओळखणं सोपं आहे. प्लास्टिक सगळीकडे एकाच रंगाचं, एकाच रुंदीचं, हाताला गार, वास नाही. खऱ्या टोपलीत काडीकाडीला रंग थोडा वेगळा असतो. तरी शंका असेल तर घरी आल्यावर सुटलेलं एखादं टोक कापून पेटवा, गवत कागदासारखं जळून राख होतं, प्लास्टिक वितळून गोळी होते. दुकानात हा प्रयोग करू नका!

भाव विचारायला "थावराय?", कमी करा म्हणायला "लोत दाय माय?" हसून म्हणायचं, आणि दोनतीन घेणार असाल तरच. आणताना लहान मोठीत, मोठी आणखी मोठीत अशा घालून मध्ये कपडे भरा आणि शक्यतो हातातल्या सामानात ठेवा. कुठेही माती, बी, ओलं पान अडकलेलं असेल तर तिथेच झाडून या.

पावसाळा

मे महिन्यातच तयारी करा. बांबू आणि वेत कडक उन्हात एकदोन दिवस, क्राचूत आणि रंगीत काहीही असेल तर सकाळच्या कोवळ्या उन्हात नाहीतर सावलीत वाऱ्यावर, कारण कडक उन्हाने रंग उडतो. जलपर्णीला दोन दिवस पूर्ण ऊन, मग गार झाल्यावरच आत. ठेवायची जागा भिंतीपासून आणि जमिनीपासून लांब. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक, आतली ओल आतच कोंडते, त्यापेक्षा जुन्या सुती साडीत सैल गुंडाळा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकला तरी चालतो. खरं सांगायचं तर वापरातली टोपली कपाटातल्या टोपलीपेक्षा जास्त टिकते कारण तिला वारा लागतो. आठवड्याला एकदा काढून वास घ्यायचा, बुरशी दिसायच्या आधी वास येतो.

बुरशी आलीच तर घरात झटकू नका, तोंडाला मास्क लावून गॅलरीत कोरड्या ब्रशने काढा, मग निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी अशा मिश्रणात फडकं घट्ट पिळून पुसा, आणि पंख्याखाली ठेवा, ऊन पडलं की उन्हात. दुसऱ्या आठवड्यात परत तपासा. माझी बॅग अशीच तीन वेळा करून वाचली, थोडे डाग राहिले.

बांबूला भुंगा लागला तर टोपली प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, मग पिशवी न उघडता बाहेर ठेवून आतली थंडी जाऊ द्या आणि नंतर उघडा, नाहीतर टोपलीवर दव धरतं. मोठी टोपली फ्रीजरमध्ये मावत नाही, तिला भरपूर ऊन आणि चुलीचा धूर. थाई खेड्यातही टोपल्या चुलीवर टांगायचे, धुराने त्या काळ्या पडायच्या आणि किडा जवळ यायचा नाही.

मोडली तर, आणि स्वतः करायची असेल तर

बांबूची टोपली सुटली तर आपल्या गावच्या बुरुडाकडे घेऊन जा, पुण्यात बुरुड आळीत विचारा. भाषा वेगळी, वीण तीच, दोन वर दोन खाली सगळीकडे सारखीच चालते. तुटलेल्या पट्टीच्या शेजारून नवी ओली पट्टी तीनचार घरं आधीपासून तीनचार घरं पुढेपर्यंत सरकवली की झालं, जुनी काढायचीसुद्धा गरज नसते.

जलपर्णीची छोटी ताटली घरी करता येते आणि एकदा तरी करून बघाच. देठ दाट वाढलेल्या जागचे घ्या, गर्दीत वाढलेली जलपर्णी उंच आणि सरळ देठ काढते, मोकळ्या पाण्यातली बुटकी आणि फुगीर असते, ती उपयोगाची नाही. हातात ग्लोव्हज हवेतच, आपल्या नद्यांचं पाणी घाण आहे आणि ही वनस्पती पाण्यातले जड धातूही शोषून घेते, म्हणून यातलं काहीही खाण्यासाठी वापरू नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. पानं आणि मुळं तोडून टाका (परत पाण्यात नाही, तुकड्यातूनही वाढते), देठ धुऊन पाच ते सात दिवस उन्हात, रोज उलटेपालटे करून, रात्री आत. हिरवे जाऊन तपकिरी आणि पिसासारखे हलके झाले की तयार. विणायच्या आधी पाण्याचा फवारा मारून ओल्या फडक्यात पंधरावीस मिनिटं गुंडाळा म्हणजे तडकत नाहीत. मग तीनपेडी वेणी घाला, नवा देठ जोडताना तिन्ही पेड एकाच जागी संपू देऊ नका, नाहीतर तिथे वेणी बारीक होते आणि पुढे तुटते. दोनतीन मीटर वेणी झाली की एका टोकापासून चकलीसारखी गुंडाळत जा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला दाभण आणि बारीक सुतळीने शिवा, टाका वेणीच्या मधून जाऊ द्या म्हणजे दिसत नाही. काठ उभा करायचा असेल तर शेवटचे दोनतीन वेढे बाजूला न ठेवता आधीच्या वेढ्यावर चढवा. शेवटचं टोक निमुळतं करून आतल्या बाजूला शिवून टाका, आणि रात्रभर वर पाट ठेवून वजन द्या, सकाळपर्यंत ताटली सपाट बसते.